तिन्हींचा अर्थ पाहणे

माझी सून आमच्याकडे राहायला आली, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दूध उतू गेलं.

मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. गॅसवर दुधाचं पातेलं होतं. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, तशी मी खिडकीतून तिला म्हणाले, "सी द मिल्क." तिनं मान हलवली, पातेल्यात वाकून पाहिलं, खिडकीशी येऊन "येस, आय सॉ," असं सांगितलं आणि आपल्या खोलीत लॅपटॉपपुढे जाऊन बसली. मी समजले, आहे ती तिथंच उभी. जळका वास अंगणापर्यंत आला तेव्हा ओल्या हातांनी धावत आत गेले. निम्मं दूध ओट्यावर सांडलं होतं आणि निम्मं शेगडीखाली जळत होतं.

तीही वासानं बाहेर आली. ओट्याकडे पाहून तिचा चेहरा उतरला. "यू सेड सी," ती हळूच म्हणाली. "आय सॉ." मग जरा थांबून तिनं विचारलं, "यू मेन्ट वॉच?"

उलट बोलण्याचा सूर नव्हता तो. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले, कारण मला वॉच हा शब्द येत होता. नुसता येतच नव्हता, आयुष्यभर मी तो शिकवला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. संग्रामपूर तालुक्यातल्या तीन-चार गावांतून बदल्या होत होत शेवटी आमच्याच गावात आले आणि तिथूनच निवृत्त झाले. इंग्रजीचा तास म्हणजे फळ्यावर शब्द लिहायचे आणि पोरांकडून सुरात म्हणून घ्यायचे. एस-डबल ई सी, सी म्हणजे पाहणे. एल-डबल ओ-के लुक, लुक म्हणजे पाहणे. डब्ल्यू-ए-टी-सी-एच वॉच, वॉच म्हणजे पाहणे. एखादं चुणचुणीत पोरगं मध्येच ओरडायचं, "आन् घड्याळ बी," आणि मी त्याला शाबासकी द्यायचे. एकाच पाहण्याला तीन शब्द कशाला लागतात, हे कुणी मला विचारलं नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. आमच्या गावात इंग्रजीत दूध तापवायची वेळ कुणावर आली होती?

ती माझ्यावर आली ती मुलामुळे. तो बंगळूरला नोकरीला होता. तिथंच त्याच्या ऑफिसात ही मुलगी भेटली. तामिळनाडूची, मदुराईच्याही पुढच्या एका गावची. लग्न आम्ही इथं विहारात लावलं. तिच्याकडून दोन मैत्रिणी आल्या, घरचं कुणी आलं नाही. तिच्या वडिलांना हे लग्न मान्य नव्हतं. आमची जात, आमचं दूरचं गाव, आमची भाषा, सगळ्यालाच त्यांचा नकार होता. त्यांनी बोलणं बंद केलं आणि घरातल्या बाकीच्यांनाही बंद करायला लावलं. मग लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच कंपनीनं मुलाला काही महिन्यांसाठी परदेशी पाठवलं. सुनेचं काम लॅपटॉपवर, कुठूनही होण्यासारखं. एकटी बंगळूरला राहण्यापेक्षा इकडे ये, असं मीच तिला म्हणाले. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. दोन बॅगा घेऊन ती आली.

तिला हिंदी जेमतेम यायची. माझी हिंदी म्हणजे आमच्या बाजारातली, ती तिला कळायची नाही. राहिलं इंग्रजी.

आमच्या घरात या गोष्टीची सर्वांत कमी चिंता कुणाला असेल तर माझ्या नवऱ्याला. ते भाजीपाला पिकवतात. वांगी, भेंडी, मिरची, आणि हिवाळ्यात मेथी-पालक. तिच्याशी ते सरळ वऱ्हाडीतच बोलायचे. "काऊन बेटा, जेवली का? मळ्यात येतं का? चाल, तुले वांगे दाखोतो." ती हसून "येस बाबा" म्हणायची आणि चपला घालून निघायची. मळ्यात ते आपलं बोलत राहायचे, ती आपलं इंग्रजी बोलत राहायची, आणि दोघं टोपलीभर वांगी तोडून परत यायचे. मला याचा थोडा राग यायचा, खरं सांगते. मी वाक्य जुळवून जुळवून घामाघूम व्हायचे आणि यांचं कशावाचूनच चाललेलं.

"मॅडम," ते मला चिडवायचे, "तुम्ही इंग्रजी शिकवून राह्यल्या का शिकून राह्यल्या?"

"तुम्ही जेवा मुकाट्यानं," मी म्हणायचे.

आणखी एक गोष्ट मला लागत होती. ती त्यांना बाबा म्हणायची, पण मला काहीच म्हणायची नाही. हाक मारायची वेळ आली की समोर येऊन उभी राहायची आणि मी पाहीपर्यंत थांबायची. मला वाटलं, हिला मला आई म्हणायचं नाही. बरोबर आहे, हिची आई आहे तिकडे. मी मनाची समजूत घालत होते, पण ते मनातून जात नव्हतं. शेवटी मुलानंच एकदा फोनवर सांगितलं. तामिळमध्ये लहान मुलं शी लागली की आय म्हणतात. ती बिचारी मला चारचौघांत कशी हाक मारणार? मी हसून हसून खाली बसले. मग तिला म्हटलं, आम्ही आमच्या आईला माय म्हणायचो, तू माय म्हण. तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि त्या दिवसापासून घरभर माय, माय सुरू झालं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण एक गोष्ट गेली नाही.

एका दुपारी मी तिला जेवायला हाका मारत होते. पानं वाढून झाली, भाकरी निवली, तरी ती येईना. दार लोटलेलं, आत तिचं काम चाललेलं. बऱ्याच वेळानं ती आली तेव्हा मी म्हणाले, "यू आर नॉट लिसनिंग मी." माझ्या मनात एवढंच होतं की, अगं, तुला ऐकू नाही आलं का? तिचं तोंड एकदम पडलं. "सॉरी, माय," म्हणाली, खाली मान घालून जेवली, ताट उचलून धुतलं आणि खोलीत गेली. संध्याकाळी ती मळ्यातही गेली नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मुलाचा फोन आला. "मम्मी, तू तिला काय म्हटलं?"

"काहीच नाही. ऐकू आलं नाही का, असं विचारलं."

"तसं नाही विचारलंस. तू ऐकत नाहीस, असं म्हणालीस. कानावर पडणं म्हणजे हिअर. लिसन म्हणजे लक्ष देऊन ऐकणं, सांगितलेलं मानणं." मग तो जरा घुटमळला. "तिचे पप्पा शेवटचं तेच बोलले होते तिला. यू नेव्हर लिसन. त्याच्यावर मग बोललेच नाहीत."

फोन ठेवून मी तशीच तिच्या खोलीत गेले. ती पलंगावर पाय घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि माझ्या कानाला हात लावून म्हणाले, "हिअर. आय वॉन्ट टू से, यू डिड नॉट हिअर. ओन्ली हिअर." तिनं माझ्याकडे पाहिलं. समजायला तिला क्षणसुद्धा लागला नाही. माझा कानावरचा हात तिनं खाली घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

आमच्या शाळेत शब्द चुकला तर अर्धा मार्क जायचा. इथं घरातलं माणूस न बोलता जेवून उठत होतं. मी ठरवलं, हे नीट शिकायचं.

आमचा वर्ग संध्याकाळी भरायचा. तिचं काम संपलेलं असायचं, आणि मळ्यातून आलेला माल दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी निवडायचा असायचा. ओसरीत पोतं अंथरून आम्ही दोघी मिरच्यांची देठं पाहत, किडकी भेंडी बाजूला काढत बसायचो, आणि ती मला एकेक जोडी समजावून सांगायची. सी म्हणजे डोळे उघडे आहेत म्हणून दिसतं ते. लुक म्हणजे मान वळवून पाहणं. वॉच म्हणजे एखादी गोष्ट हलते आहे, बदलते आहे, तिच्यावर नजर ठेवून राहणं. डोंगराकडे लुक, क्रिकेट वॉच. उत्तरेकडे सातपुड्याची रांग दिसायची, तिकडे बोट करून ती विचारायची, "नाऊ?" आणि मी म्हणायचे, "आय सी." मग मान उंचावून, "आय लुक." मग गोठ्यातल्या वासराकडे बोट, कारण ते दावं सोडवायच्या खटपटीत असायचं. "वॉच."

मी पण तिला मराठी शिकवत होते, आणि त्यात एक गंमत निघाली. दिसणं आणि पाहणं हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, पण मुख्य फरक त्याच्या आधीच पडतो. मला दिसतं आणि मी पाहते. मला ऐकू येतं आणि मी ऐकते. आपोआप झालं तर मला, मुद्दाम केलं तर मी. हे मी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, कारण आमची पोरं ते आईच्या कडेवरच शिकून येतात. तिला सांगितलं तशी ती भेंडी हातात धरून थांबली आणि म्हणाली, आमच्याकडेही हेच आहे. एनक्कु म्हणजे मला. एनक्कु दिसतं, एनक्कु ऐकू येतं. नान् म्हणजे मी. नान् पाहते, नान् ऐकते. अगदी तुमच्यासारखंच.

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. दीड हजार किलोमीटर दूरचं माणूस आणि हे असं आतलं काही सारखं निघतं, याचं मला फार नवल वाटलं. "मंग थे इंग्रजीच येडं हाय म्हणा ना," हे खाटेवरून म्हणाले, आणि ते तिला न सांगताच समजलं.

त्याच ओसरीत मी मिस शिकले. आम्हाला मिस म्हणजे बस चुकणं, नाही तर मिस कॉल. मी मुलाला फोनवर सांगत होते, "शी रिमेंबर्स यू एव्हरी डे," तर ती शेजारी बसून हसायला लागली. नवऱ्याला रिमेंबर करायचं म्हणजे काय, ती म्हणाली, मी त्याला विसरले नाही एवढंच. आठवण येते, जवळ नाही म्हणून जिवाला लागतं, ते मिस.

मी विचारलं, "बस मिस, ऑल्सो सेम?"

"सेम," ती म्हणाली. हवी होती, आणि निघून गेली, म्हणून.

थोड्या वेळानं, मिरच्या निवडून झाल्यावर, तिनं न विचारताच सांगितलं की दर रविवारी ती घरी फोन लावते. रिंग जाते, कुणी उचलत नाही. "आय मिस माय अम्मा," ती म्हणाली, आणि मिरचीचे हात धुवायला उठून गेली.

हरभऱ्याची सोंगणी चालू होती तेव्हा तिला ताप आला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काळजीचं काही नाही, विश्रांती घ्या म्हणाले. पण तिचं खाणंच सुटलं. मी मऊ खिचडी केली, मुगाचं वरण केलं, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज करून पाहिली. दोन घास घ्यायची आणि बाजूला सारायची. काय हवं विचारलं की नथिंग म्हणायची. शेवटी एका सकाळी डोळे मिटूनच म्हणाली, "रसम."

रसम मी लग्नाकार्यात, हॉटेलात कधी तरी प्यायलेलं. कसं करतात ते माहीत नव्हतं. शेजारणीच्या मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला, त्याबरहुकूम केलं. तिनं एक चमचा घेतला, थँक यू म्हणाली आणि वाटी खाली ठेवली. चांगलं झालं नव्हतं, हे तिनं सांगायची गरज नव्हती.

मी मुलाकडून तिच्या आईचा नंबर मागून घेतला. तो म्हणाला, "मम्मी, नको. ते लोक उचलणार नाहीत. आणि उचलला अन् काही बोलले तर तुलाच वाईट वाटेल."

"तिचा नंबर ओळखतात म्हणून उचलत नाहीत. माझा कोण ओळखतो?" मी म्हणाले.

हे अंगणात चहा पीत होते. मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "लाव ना. लय झालं तर कट करतीन."

मी गोठ्यामागे गेले, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून. फोन लागला. तीन-चार रिंगांनंतर एका बाईचा आवाज आला.

"हॅलो," मी म्हणाले. "आय ॲम मदर."

"हूज मदर?"

"युवर..." आणि मला शब्दच मिळेना. विहिणीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं आणि अजूनही नाही. "युवर डॉटर्स हजबंड. हिज मदर."

मग ती बाई हळूच म्हणाली, "संबंधी."

तो शब्द मला कळला. नंतर सून म्हणाली की त्यांच्याकडे विहिणीला संबंधीच म्हणतात, पण तेव्हा सांगायला कुणी नव्हतं आणि तशी गरजही पडली नाही. "येस, येस, संबंधी," मी म्हणाले.

"व्हॉट हॅपन्ड?" आता तिचा आवाज बदलला होता. वेळी-अवेळी अनोळखी नंबरवरून फोन आल्यावर कुठल्याही आईचा होतो तसा.

"स्मॉल फीव्हर. डॉक्टर सेड नो प्रॉब्लेम. बट शी इज नॉट ईटिंग. शी वॉन्ट्स रसम. आय मेड. नॉट गुड. प्लीज टेल मी."

तिचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं, सुटं सुटं, शाळेतलं. म्हणूनच बहुधा आमचं जमलं. चिंच, टोमॅटो, तुरीच्या वरणाचं वरवरचं पाणी, ती एकेक सांगत गेली आणि मी हो हो करत गेले. मग मिरे, जिरे, लसूण. "क्रश," ती म्हणाली. "नॉट ग्राइंड. नो मिक्सी." मी व्हिडिओ पाहून नेमकं मिक्सरमधून काढलं होतं. तिला मसाला वाटून नको होता, ठेचून हवा होता. "आय हॅव स्टोन," मी म्हणाले, म्हणजे माझ्याकडे खलबत्ता आहे. "गुड, गुड," ती म्हणाली. मग गॅसवर ठेवायचं. "बट नॉट बॉइल."

"नॉट बॉइल?"

"नो, नो. नॉट बॉइल." तिलाही शब्द सापडेना. "कम्स अप. व्हाइट, व्हाइट. देन ऑफ."

फेस वर आला की बंद करायचं, उकळी फुटू द्यायची नाही. "वॉच," मी म्हणाले. "आय वॉच."

"येस. यू वॉच," ती म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटलं नसणार.

ती फोन ठेवत नव्हती. मीही ठेवला नाही. शेवटी तिनं विचारलं, "शी इज आस्किंग मी?"

ती माझ्याबद्दल विचारते का, असं तिला म्हणायचं होतं. "शी रिमेंबर्स यू," माझ्या तोंडून निघून गेलं आणि लगेच मी म्हणाले, "नो. नॉट रिमेंबर. शी मिसेस यू. एव्हरी संडे शी कॉल्स. शी मिसेस यू व्हेरी मच."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एक, दोन, तीन. ती गॅसकडे जात नव्हती. चौथ्या शिट्टीला "वन मिनिट" म्हणाली, आणि मला भांड्यांचे, नळाचे आवाज येत राहिले. परत आली तेव्हा तिचा आवाज धुतल्यासारखा झाला होता. "यू कॉल टुमारो," ती म्हणाली. "सेम टाइम. हर फादर गोज आउट."

घरात जाऊन मी मिरे ठेचले. गॅससमोरून हलले नाही. पातेल्याच्या कडेनं फेस जमायला लागला, मधोमध आला, पांढरा झाला, तसं बंद केलं. कोथिंबीर टाकून वाटीत ओतून तिच्याकडे नेलं.

तिनं एक घोट घेतला आणि उठून बसली. दुसरा घेतला. वाटीतून वर पाहिलं. "हू टोल्ड यू?"

मला खोटं सांगता आलं असतं, नाही सांगितलं. "युवर अम्मा टोल्ड. आय मेड."

वाटी तिच्या हातात तशीच राहिली. मला भीती वाटली की चिडते की काय, कारण मी तिला विचारलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

"शी सेड, नॉट बॉइल," मी म्हणाले.

ती हसली, मग रडायला लागली, आणि मग मोठी वाटी मागितली. हे दारात येऊन उभे राहिले होते. "काय झालं वं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, बरं वाटून राह्यलं तिले."

दुसऱ्या दिवशी त्या वेळेला फोन मी लावला आणि तिच्या हातात देऊन बाहेर आले. त्या दोघींचं तामिळ मला काय कळणार, पण मी ओसरीतच बसून राहिले. त्यानंतर फोन रोज व्हायला लागला. तिकडून मला पण विचारणा व्हायची, "संबंधी, हाऊ आर यू," आणि मी म्हणायचे, "फाइन, यू?" मग आमच्या दोघींचं इंग्रजी संपायचं आणि आम्ही हसायचो.

काही दिवसांनी विहीणबाई मला म्हणाल्या, "हर फादर इज हिअर. नॉट टॉकिंग. लिसनिंग." हा शब्द त्यांनी निवडून वापरला की तोंडाला आला तो वापरला, कोण जाणे. मी सुनेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आर यू शुअर? लिसनिंग?" मी म्हणाले, "आय हर्ड. लिसनिंग." त्या दिवशी मळ्यात जाऊन तिनं बाबांबरोबर अंधार पडेपर्यंत मिरच्यांना पाणी दिलं.

उन्हाळा चढायच्या आत विहीणबाई आल्या, आपल्या भावाला घेऊन. अकोल्याच्या स्टेशनवर आम्ही आणायला गेलो होतो. फोनवरच्या आवाजावरून मी उंच बाई समजले होते, त्या माझ्यापेक्षाही बुटक्या निघाल्या. जिन्याजवळ मायलेकी भेटल्या तेव्हा मी आणि नवरा सामान घ्यायच्या निमित्तानं बाजूला झालो. मामा माझ्या नवऱ्याशी तामिळमध्ये आणि नवरा त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलायला लागले, आणि गाडीत बसेपर्यंत त्यांची चांगलीच दोस्ती झाली.

आठवडाभर त्या राहिल्या. स्वयंपाकघरात आमचं थोडं बिनसलंही. त्यांना माझं तिखट जास्त वाटायचं आणि मला त्यांचा भात संपता संपत नाही असं वाटायचं. एकदा त्यांनी माझी वरणाची फोडणी बदलली, तर मी दिवसभर गप्प होते. त्यांना ते कळलं. संध्याकाळी त्यांनी स्वतः खलबत्ता घेऊन माझ्याकडे ठेचायला मिरे दिले, मग मी बोलले. सून आमच्या दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायची आणि मधूनच, मला शंका आहे, थोडंफार गाळायची.

तिचे वडील आले नाहीत. अजून तिच्याशी ते नीट बोलत नाहीत. पण आता त्या घरचा फोन कधी कधी तेच उचलतात, तिचा आवाज ऐकतात आणि न बोलता बायकोकडे देतात. सून म्हणते, पूर्वी रिंग जात राहायची, आता मधला एक श्वास तरी ऐकू येतो. मुलाचं परदेशातलं काम संपत आलं आहे. ती दोघं परत बंगळूरला जातील, आणि दिवाळीत मदुराईकडे जायचं की नाही, यावर आतापासून त्यांची फोनवर चर्चा चालते. जायचं, असंच बहुतेक ठरेल.

विहीणबाई परत निघाल्या तेव्हा आम्ही सगळे पुन्हा अकोल्याला गेलो. गाडी लागली होती, मामा बॅगा चढवत होते. आपल्याकडे घरातून निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. इंग्रजीत मात्र आय गो म्हणायला लागेल आणि ते माझ्या कानाला कसंसंच वाटेल, असं मी आपलं मनात घेऊन उभी होते. विहीणबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"संबंधी," त्या म्हणाल्या, "आय गो अँड कम."

मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमच्याकडे पण नुसतं जाते म्हणत नाहीत, माय. जाऊन येते म्हणतात." हे सगळं ती मराठीत म्हणाली, एकही चूक न करता, आणि तिचं तिलाही ते कळलं नाही.

"या," मी विहीणबाईंना म्हणाले. "लवकर या."

त्यांनी मान हलवली आणि त्या गाडीत चढल्या.